उघड्या दाराचा शेरा

आधीच सांगतो, लिहिण्याचा मला तसा अधिकार नाही. मी भांडुपच्या एका गोदामात खोक्यांवर स्कॅनर फिरवतो. पदवी आहे, पण आमच्या घरातली ती पहिलीच असल्यामुळे तिचं नेमकं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नाही. सध्या ती कपाटात चादरींच्या खाली आहे, चुरगळू नये म्हणून. लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असावं लागतं म्हणतात. माझ्याकडे एक ऑक्टोबर आहे, तोही काही वर्षांपूर्वीचा. वाचताना कंटाळा आला तर मधेच सोडून द्यावं, मी रागावणार नाही. फक्त एवढंच की मी हे कोणाला तरी दाखवायचं म्हणून लिहीत नाहीये. एकदा तसं लिहून पाहिलं होतं, त्याचीच ही गोष्ट आहे. गोष्ट तरी म्हणावी की नाही, शंका आहे.

यंदाचाही ऑक्टोबर तसाच आला. पाऊस गेल्यावर मुलुंडमध्ये थोडे दिवस नुसतं कोंदट असतं आणि मग एका दुपारी ऊन असं उतरतं की भिंतींचा ओलसर वास जातो आणि गटाराचा वर येतो. गच्च्यांवर गाद्या येतात. इमारतींच्या खाली कोणीतरी पंखे उघडून पाती घासत बसलेलं असतं. परवा टेम्पोतून माल घेऊन मी तिथल्या आमच्या कॉलेजवरून गेलो. फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तीच गर्दी होती. आता कागदाची एकही असाइनमेंट कोणी देत नाही, तरी मुलं उभी तिथेच राहतात, कारण दुकानदाराचं वायफाय चांगलं आहे आणि तो पीडीएफ करून देतो. एक मुलगा फोन डोक्याच्या वर धरून उभा होता आणि दुसरा त्याला विचारत होता, "चढलं का रे?" सिग्नल सुटेपर्यंत मी बघत राहिलो. चढलं की नाही ते मला कळलं नाही.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा कॉलेजने ते सॉफ्टवेअर आणलं. सभागृहात सगळ्यांना बसवून प्राचार्यांनी समजावून सांगितलं. असाइनमेंटची फाइल चढवायची. नक्कल केलेली असेल तर सॉफ्टवेअर पकडेल, शुद्धलेखन बघेल, प्राध्यापकांना गुण द्यायला मदत करेल, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला वैयक्तिक अभिप्राय मिळेल. बाकीचे नक्कल पकडण्याच्या बातमीने हादरले होते. माझ्या कानात शेवटचे दोन शब्द राहिले. वैयक्तिक अभिप्राय. तोवर माझ्या वह्यांवर शिक्षकांनी फक्त बरोबरच्या खुणा केल्या होत्या, त्याही चालत्या हाताने, अर्ध्या माझ्या पानावर आणि अर्ध्या खालच्या वहीवर.

जतीन म्हणून एक मुलगा होता, घाटकोपरहून यायचा, वर्गाला हसवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरचं बारसं केलं. "हिला सगळ्यांच्यात खोट काढायचीय, आणि कितीही करा, तोंड वाकडंच. ही आपली आत्याबाई." नाव चिकटलं. "आत्याबाईचं आलं का?" "मला म्हणाली, वाक्यं लांब आहेत." "मला म्हणाली, संदर्भ नाहीत. हिच्याकडे स्थळ घेऊन आलोय का, संदर्भ द्यायला?"

आम्हाला समाजशास्त्र शिकवायला वैद्य सर होते. उंच, किंचित वाकलेले, खडू धरलेला हात नेहमी कोटापासून लांब ठेवायचे. त्यांनी विषय दिला होता, आपल्या परिसरातला एक बदल. मी दारांवर लिहिलं. विक्रोळीची आमची चाळ पाडून त्या जागी एसआरएची, म्हणजे पुनर्वसनाची, इमारत उभी राहिली आणि आम्ही वर राहायला गेलो, तोपर्यंत मी कधी बंद दार वाजवलंच नव्हतं. चाळीत दिवसा दार लावलं की लोक विचारायचे, कोण आजारी आहे का. नव्या इमारतीत प्रत्येक दाराला आतून साखळी होती आणि बाहेर बघायला काचेचं भोक. माझ्या बाबांना ते जमेना. ते जुनी चप्पल दाराखाली अडकवून दार उघडं ठेवायचे आणि उंबऱ्याकडे तोंड करून बसायचे. जाणाऱ्यायेणाऱ्याला म्हणायचे, येवा, चाय घेवा. कोणी येत नसे. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा चप्पल पायाने आत ढकलून म्हणाले, "आंब्रे, ही चाळ नाही आता. वास येतो मासळीचा सगळ्या पॅसेजमध्ये." बाबा हसले, ते गेल्यावर चप्पल परत लावली. एवढंच लिहिलं होतं. शेवटी काही तात्पर्य काढायचं राहूनच गेलं.

माझा रोल नंबर पहिला होता, आंब्रे असल्यामुळे. त्यामुळे माझं सगळ्यांच्या आधी तपासून आलं. फाइल उघडली तर मजकुराच्या बाजूला नारिंगी चौकट होती आणि तिच्यात लिहिलं होतं:

लिहिताना तुम्ही दार उघडं ठेवता. वाचणारा न विचारता आत येतो.

मी ते झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभा राहून वाचलं. मग जरा पुढे जाऊन वाचलं. उसाच्या रसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि मला वाटत होतं की माझ्याकडे सगळे बघतायत. सोनालीला दाखवलं. ती माझ्या बाकावर बसायची, मुलुंडचीच, माझ्यापेक्षा हुशार. ती म्हणाली, "भारीच रे. मला तर आत्याबाई कधी असं बोलणार नाही."

"आत्याबाई नाही गं. दार आहे बघ यात. सरांनी वाचलंय."

घरी बाबांना वाचून दाखवलं. ते एका कारखान्यात फिटर होते, कंत्राटावर, आणि घरी आल्यावर हातांचा तेलकट वास घालवायला राखेने हात घासायचे. तसेच ओले हात घेऊन त्यांनी ऐकलं.

"परत वाच."

परत वाचलं.

"म्हणजे मास्तर चांगला म्हणता की वायट?"

"चांगलं म्हणतायत, बाबा."

"मग तसा सरळ लिवूक काय झाला?" म्हणाले, पण खूश होते. जेवताना उगाचच आईला म्हणाले, "आपला दार मास्तराक आवडला."

त्या दिवसांत आमच्या घरात एकच विषय होता. भांडुपच्या गोदामात माझे काका सुपरवायझर होते, आणि माझी परीक्षा झाली की तिथे चिकटवतो असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. दिवाळीपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. मला एम.ए. करायचं होतं. काका म्हणायचे, "एम.ए. करून काय, खोक्यांवरचं इंग्लिश वाचणार?" बाबा मधे पडत नव्हते. नारिंगी चौकटीनंतर मात्र ते म्हणाले, "तेका इचार. तो शिकलेलो हा, तेका कळता. मास्तर कर म्हणलो तर कर. माका काय कळता त्यातला, झिला?"

म्हणून मी विचारलं. अभिप्रायाच्या खाली एक छोटी खिडकी होती, आपला प्रतिसाद लिहा म्हणून. वर्गात इतर कोणी तिच्यात कधी काही लिहिलं नव्हतं. मला वाटलं, सरांनी दोन वाक्यं लिहिली आणि आपण काहीच बोललो नाही तर तो उद्धटपणा होईल. आधी आभार मानले. दुसऱ्या दिवशी वाटलं, ते कोरडं झालं, म्हणून अजून थोडं लिहिलं, चप्पल खरीच आहे, मी रचलेली नाही. आणि मग एका दुपारी वाचनालयात बसून लिहिलं, सर, मी एम.ए. करावं असं आपल्याला वाटतं का? नाही म्हणालात तरी चालेल. आपला विद्यार्थी, महेश आंब्रे. खाली हिरव्या अक्षरांत आलं, आपला प्रतिसाद नोंदवला आहे.

ती हिरवी अक्षरं बघून किती बरं वाटलं होतं, हे आता सांगायलाही कसंतरी वाटतं.

वर्गात सर माझ्याकडे बघायचे नाहीत. मी पहिल्या बाकावर सरकलो, तरी नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर बाजूला होऊन निघून जायचे. मला त्याचं कारण कळत होतं. सर नियमाने वागणारे होते, ज्याच्याशी लेखी बोलणं चालू आहे त्याला चारचौघांत ओळख दाखवली तर बाकीच्यांना पक्षपात वाटेल. मला त्यांचा हा स्वभाव आवडला होता. घरी बाबा रोज विचारायचे, "काय म्हणलो?" मी सांगायचो, "विचार करतायत."

आपल्याला जे हवं असतं त्याच्याभोवती आपण किती चटकन भिंती बांधतो आणि छपरं घालतो. चाळ पाडायला बिल्डरच्या माणसांनी यंत्र आणलं होतं, पिवळं. आमच्या खोलीची मागची भिंत त्याने एका धक्क्यात घेतली तेव्हा आत आईने लावलेली देवाची तसबीर खिळ्यावर तशीच होती, भिंत मात्र नव्हती. खिळा कशात होता कोण जाणे. ते दृश्य मला पुढे एकदा आठवलं, वर्गात.

सरांच्या विषयातले बाकीच्यांचे अभिप्राय हळूहळू यायला लागले होते. एके दिवशी तासाच्या आधी जतीन टेबलाजवळ उभा राहून आपला वाचत होता. त्याने स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर लिहिलं होतं, तेही झेरॉक्सच्या दुकानात, उभ्या उभ्या. "ऐका. आत्याबाई प्रेमात पडलीय. लिहिताना तुम्ही दार उघडं ठेवता. वाचणारा न विचारता आत येतो."

"मलाही तेच आलंय," मागून कोणीतरी म्हणालं.

"आयला, मला पण."

मी म्हणालो, "नाही. ते माझं आहे." मोठ्याने म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं.

जतीन माझ्याजवळ आला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "तुझं म्हणजे काय, भावा?"

"म्हणजे सरांनी मला लिहिलंय. माझं दारांवर होतं."

"सरांनी. तुला." तो वर्गाकडे वळला. "चला, हात वर. कोणाकोणाची दारं उघडी आहेत?"

हात वर झाले. एकामागून एक, हसत हसत, काहींनी दोन दोन केले. मी मोजले नाहीत. मी फक्त बाजूला बघितलं. सोनालीने कोपर बाकावरच ठेवून पंजा तेवढा उचलला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात सर आले. हसण्याचं कारण त्यांनी विचारलं आणि जतीनने सांगितलं, "सर, याला वाटतं तुम्ही याला पर्सनली लिहिलंय. हा तुम्हाला त्या खिडकीत पत्रंही लिहितो. मी वाचनालयात मागून बघितलंय."

सरांनी चष्मा वर केला. "नाव काय तुझं?"

"महेश आंब्रे, सर."

"हे बघ महेश, चार वर्ग आहेत माझ्याकडे. प्रत्येकाला बसून वेगळं लिहायला लागलो तर मी जगेन का?" वर्ग हसला. सरही थोडे हसले, वाईट हेतूने नाही. "वाक्य चांगलं आहे ना? मग घे. बस खाली."

मी बसलो. त्यांनी फळ्यावर तारीख लिहिली. मला म्हणता आलं असतं की सर, चप्पलवालं माझं. पण तोवर मलाही ते खरं वाटेनासं झालं होतं. वडापावच्या गाडीला दार नसतं. तिलाही ते वाक्य बसत होतं. याचा अर्थ ते कोणालाही बसत होतं, मी येण्याच्या आधीपासून कुठेतरी तयार होऊन पडलेलं होतं, रेडिमेड शर्टासारखं, आणि पहिला नंबर माझा म्हणून पहिल्यांदा माझ्या अंगावर चढलं होतं.

माझं नाव त्या दिवसापासून दरवाजा पडलं. मी वर्गाजवळ आलो की आतून कोणीतरी दार लावून घ्यायचं आणि सगळे मिळून ओरडायचे, "न विचारता ये." मी विचारून यायचो. त्याने ते आणखी हसायचे. सोनाली एकदा म्हणाली, "लक्ष देऊ नको रे, कंटाळतील." आणि खरंच, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कंटाळले. लोक कंटाळतात तेव्हाच थांबतात, असं माझ्या लक्षात आलंय. दया येऊन थांबलेलं मी अजून कोणाला बघितलं नाही, पण माझा अनुभव थोडा आहे.

ज्या दिवशी हात वर झाले त्या दिवशी घरी बाबा दाराशी बसले होते. "काय म्हणलो मास्तर?" त्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणाले."

"काही नाही म्हणजे नको म्हणलो?"

"त्यांना मी माहीतच नाही, बाबा."

त्यांना ते कळलं नाही, किंवा कळलं. मी वाकून दाराखालची चप्पल काढली आणि दार लावून घेतलं. आतून साखळीही लावली. बाबा बंद दाराकडे तोंड करून बसले होते, मग थोड्या वेळाने उठून त्यांनी खुर्ची वळवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चप्पल परत लावली नाही. सेक्रेटरी खूश झाले असतील. काकांना आम्ही दिवाळीच्या फराळाच्या वेळी हो सांगितलं. ते चकली मोडत म्हणाले, "शहाणा झालास."

पुढच्या असाइनमेंटला मी सगळ्यांसारखं लिहिलं. प्रस्तावना, कारणं, परिणाम, उपाय, समारोप. विषय कचरा व्यवस्थापनाचा होता, आणि मी आमच्या इमारतीखालच्या कचऱ्याकडे न बघता तो लिहिला. आत्याबाईने लिहिलं, रचना नीटनेटकी आहे, असंच चालू ठेवा. दारांपेक्षा जास्त गुण दिले.

गोदामातला स्कॅनर खोक्यावर धरला की लाल रेघ पडते आणि टुं असा आवाज होतो. आत काय आहे ते त्याला कळत नाही, मलाही नाही. खोकं कुठून आलं आणि कुठे जायचं तेवढं कळतं. पहिले काही महिने मी खोकी हातात तोलून आत काय असेल याचा अंदाज करायचो. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "मायेने उचलायचे पैसे मिळत नाहीत." बरोबर होतं. आता माझा हात चांगला चालतो. इथे नवीन लागलेला एक जण परवा विचारत होता, "दादा, तुम्ही बी.ए. आहात ना? मग इथे कसे?" मी म्हटलं, चालत.

वैद्य सरांचा मला राग नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलंय. चार वर्ग खरेच होते. थकलेला माणूस तयार वाक्य उचलतो, मीही थकलो की वाकून खोकं न उचलता पायाने सरकवतो. पण मला अजून वाटतं की त्या हिरव्या अक्षरांनी तरी खोटं बोलायला नको होतं. नोंदवला आहे म्हणे. कुठे?

परवा कॉलेजवरून गेलो म्हणून हे सगळं वर आलं असं मी समजत होतो. पण खरं कारण काल आलं. जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या मागच्या सावलीत डबा उघडला होता आणि सोनालीचा फोन आला. तिने एम.ए. केलं. या जूनपासून ती आमच्याच कॉलेजात शिकवते, तासावर, म्हणजे जितके तास तितका पगार. एरवी ती सणावाराला मेसेज करते, फोन करत नाही.

"जेवतोयस का? नंतर करू?"

"बोल ना."

"आज मी पहिल्यांदा पेपर तपासायला बसले रे. आत्याबाई आतून बघितली." ती थोडं हसली. "ती स्वतः काही लिहीतच नाही. आपण एकाला जे लिहू ते जपून ठेवते, आणि पुढचा पेपर उघडला की विचारते, हेच लावू का? हो केलं की लागलं."

"बरं."

"आणि ती खिडकी, प्रतिसादाची. ती आम्हाला दिसतच नाही, महेश. मुलांना बरं वाटावं म्हणून ठेवलीय म्हणे."

मी पोळीचा तुकडा डब्यात ठेवला. "हे सांगायला फोन केलास?"

"नाही. ऐक. आत्याबाईच्यात ते दाराचं वाक्य निघालं. अजून आहे. मी वैद्य सरांना विचारलं, सर, हे आलं कुठून? ते चहा पीत होते. म्हणाले, माझंच आहे ते. सॉफ्टवेअर आलं त्या वर्षी पहिलाच पेपर उघडला, तर कोणीतरी चाळीतल्या दारांवर लिहिलं होतं. बाप दाराला चप्पल लावून बसतो, असं काहीतरी. म्हणाले, मी दोनदा वाचलं, आणि ते वाक्य लिहिलं. नंतर मग बाकीच्यांना लावत गेलो."

गोदामाच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. आत कोणीतरी माझ्या नावाने हाक मारत होतं.

"ऐकतोयस ना?"

"हो."

"मी विचारलं, कोण होता तो मुलगा? तर म्हणाले, ते कसं कळणार, तपासताना नावं लपवलेली असतात, पक्षपात होऊ नये म्हणून. मी म्हटलं, सर, मग शोधलं का नाहीत त्याला?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शोधायचं कशाला? वाक्य छान जमलं होतं. अजून वापरतो."